घरी 'थीम वीक' करायच्या आधी ताराबाई मोडक माहिती पाहिजेत

घरात तीन-चार वर्षांचं लेकरू असलं की मोबाईलला ते बरोबर कळतं. मग रील्स सुरू होतात. सोमवारी 'समुद्र' थीम, मंगळवारी 'अंतराळ', बुधवारी 'डायनासोर'. निळे रंगवलेले तांदूळ, त्यात प्लॅस्टिकचे डॉल्फिन, शेजारी लाकडी चिमटा आणि छोट्या वाट्या. मूल शांत बसून डॉल्फिन उचलतंय, आई हसतीय, आणि खाली किटची लिंक.

जालन्यात बसून ही रील बघणाऱ्या आईला दोन प्रश्न पडतात. एक, हे सगळं आणायचं कुठून? आणि दुसरा, समुद्र इथून चारशे-एक किलोमीटर, आपल्या पोराला त्या डॉल्फिनचं काय कळणार?

गंमत म्हणजे हे दोन्ही प्रश्न नवीन नाहीत. लहान मुलांना काय शिकवायचं, कशाच्या मदतीनं शिकवायचं आणि सामान परवडत नसेल तर काय करायचं, यावर महाराष्ट्रातल्या एका बाईनं अख्खं आयुष्य घातलं. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो त्या शब्दातलं 'अंगण' तिच्या कामातून आलंय.

त्या बाईचं नाव ताराबाई मोडक. शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ, सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत एक मार्क, इतकीच आपली त्यांची ओळख. त्यामुळं जरा नीट सांगतो.

केळकरांची तारा

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर, आई उमाबाई. केळकर प्रार्थना समाजाचे. उमाबाई विधवा होत्या आणि केळकरांनी त्यांच्याशी लग्न केलं होतं. त्या काळात असं लग्न करणाऱ्या घराशी नातेवाईक कसे वागत असतील ते वेगळं सांगायला नको. एक मात्र झालं, या घरात मुलीनं शिकायचं की नाही हा वादाचा विषयच नव्हता.

लहानपणाचा काही काळ इंदूरला गेला. मग मुंबईची अलेक्झांड्रा शाळा, पुढं कॉलेज, आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी. १९१४ ला बी.ए. झालेल्या मराठी मुली किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

त्यानंतर अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं आणि ताराबाई वऱ्हाडात आल्या. १९२० साली मुलगी झाली, प्रभा. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या.

इथं थोडं थांबू. आज ताराबाईंवर लिहिलं जातं तेव्हा हा भाग एका वाक्यात उरकतात, आणि लगेच 'थोर शिक्षणतज्ज्ञ' सुरू होतं. पण पुढचं सगळं इथूनच निघालंय. वय एकोणतीस, पदरात वर्षभराचं लेकरू, नवरा सोडलेला, आणि पोटासाठी नोकरी करायचीय. आजच्या भाषेत सिंगल मदर. त्या काळात या अवस्थेला धड शब्दही नव्हता, नुसती कुजबुज होती.

नोकरी मिळाली राजकोटला. तिथं मुलींना शिक्षिका करणारं बार्टन ट्रेनिंग कॉलेज होतं. त्याच्या प्राचार्यपदी बसलेल्या ताराबाई या पहिल्या भारतीय बाई, असं सांगितलं जातं. पद मोठं होतं, पगार नियमित होता. दुसरं कुणी असतं तर तिथंच निवृत्त झालं असतं.

पण घरात प्रभा होती. तिला वाढवायचं कसं, कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न होता. आजूबाजूच्या शाळांत छडी, पाठांतर आणि घोकंपट्टी. या शोधात त्यांच्या कानावर एक नाव आलं. राजकोटपासून जवळच, भावनगरमध्ये, एक वकील वकिली सोडून लहान पोरांमध्ये बसला होता.

मिशीवाली आई

त्या वकिलाचं नाव गिजुभाई बधेका. जन्म १८८५ चा. त्यांचीही गोष्ट घरातूनच सुरू झाली होती. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कसं शिकवावं या विचारात त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचं लिखाण लागलं. मग भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. गुजरातीत त्यांना प्रेमानं 'मूछाळी मा' म्हणतात, म्हणजे मिशा असलेली आई.

माँटेसरीबाईंचं म्हणणं थोडक्यात असं. मूल हे रिकामं भांडं नाही. त्याला हातानं करून बघायचं असतं. मोठ्या माणसानं सतत शिकवत बसू नये, त्याऐवजी मुलाच्या मापाची, मुलाला हात लावता येईल अशी जागा तयार करावी आणि मग बाजूला व्हावं. १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिलं 'बालगृह' काढलं होतं. त्यासाठी खास साहित्य होतं. लाकडी दट्टे, लहानमोठ्या ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरं. प्रत्येक वस्तूचं माप ठरलेलं.

ताराबाई १९२३ मध्ये राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गेल्या. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात. पुढची साधारण नऊ वर्षं गिजुभाई आणि ताराबाई या जोडीनं जे केलं, त्यावर भारतातलं बालशिक्षण उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. पालकांसाठी 'शिक्षण पत्रिका' निघाली. तिची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी चालवली.

यातली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. या दोघांनी माँटेसरी जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरीबाईंना लहान वयात पऱ्यांच्या, कल्पनेतल्या गोष्टी फारशा पसंत नव्हत्या. आधी खरं जग कळू द्या, असं त्यांचं मत. गिजुभाईंनी ते मानलं नाही. आपल्याकडं आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत वाढलेलं पोर, त्याची गोष्टच काढून घ्यायची? भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी आल्या, गरबा आला, लोकगीतं आली, नाटक आलं. गोष्ट कशी सांगावी यावर गिजुभाईंनी पुस्तकच लिहिलं.

म्हणजे पहिला बदल भाषेचा आणि मातीचा. दुसरा बदल व्हायचा होता, तो पैशाचा. त्याला अजून वीस वर्षं होती.

दादरची शाळा, आणि तिच्या बाहेरची पोरं

१९३२ च्या सुमारास ताराबाई मुंबईला परत आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. मराठी मध्यमवर्गाला हे नवीन प्रकरण भलतंच आवडलं. छडी नाही, मूल आनंदानं शाळेत जातंय, घरी येऊन गाणी म्हणतंय. शिक्षिकांचं प्रशिक्षण सुरू झालं, मराठीतून बालशिक्षणाबद्दल लिहिलं-बोललं जाऊ लागलं. १९३९ मध्ये तर खुद्द माँटेसरीबाई भारतात आल्या, आणि महायुद्धामुळं त्यांचा मुक्काम चांगलाच लांबला. त्याच वर्षी गिजुभाई वारले.

आता इथं ताराबाई सहज 'सेट' झाल्या असत्या. शहरात नाव होतं, संस्था होती, पाठीशी शिकलेले पालक होते.

पण ही शाळा कुणाची होती? दादरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांची. साहित्य महाग, शिक्षिका प्रशिक्षित, फी भरणारे पालक. हा प्रश्न ताराबाईंच्याही आधी एकानं जाहीरपणे मांडला होता. १९३१ मध्ये गांधीजी लंडनला गेले तेव्हा माँटेसरीबाईंच्या प्रशिक्षण संस्थेत गेले होते. तिथं त्यांनी कौतुक केलं आणि सोबत अपेक्षाही ठेवली, की ही पद्धत श्रीमंतांच्या पोरांपुरती राहू नये, भारतातल्या खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत पोचावी. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आली, पण तिचा भर सात वर्षांच्या पुढच्या मुलांवर होता. त्याआधीच्या लेकरांचं काय, हे कोडं तसंच राहिलं.

ताराबाईंनी ते कोडं सोडवायला घेतलं तेव्हा त्यांचं वय होतं ५३.

बोर्डी, १९४५

बोर्डी हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. चिकूच्या वाड्या, गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि मागं डोंगरात वारली पाडे. डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाईंनी तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

हे वर्ष लक्षात ठेवा. याच १९४५ मध्ये, याच भागात, वारल्यांनी वेठबिगारीच्या विरोधात उठाव केला होता. गोदावरी परुळेकर तिथं होत्या, गोळीबार झाला होता. सावकार आणि जमीनमालकांच्या बांधावर माणसं फुकट राबत होती. अशा भागात एक बाई मुंबईहून येते आणि म्हणते, मला तीन-चार वर्षांच्या पोरांना शिकवायचंय. लोकांनी काय म्हणावं?

सोबत आल्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग हट्टानं शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. ती सोडून त्या बोर्डीला आल्या आणि आयुष्यभर तिकडच्याच झाल्या. एक नवरा सोडलेली, एक बालविधवा. त्या काळच्या समाजाच्या हिशोबात दोघींचं आयुष्य 'संपलेलं' होतं.

बालवाडी सुरू झाली. गावातल्या बऱ्या घरची पोरं आली. पण दलित वस्तीतली पोरं येईनात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं असं नाही, पण यायचं कसं? अंगावर कपडा नाही, आई-बाप मजुरीला गेलेले, आणि गावाच्या मध्यात असलेल्या ठिकाणी आपल्या लेकराला चालवून घेतील यावर भरवसा नाही.

कुठल्याही सरकारी कार्यालयात अशा वेळी काय होतं माहितीय? 'पालकांमध्ये जागृतीचा अभाव' असा शेरा मारतात आणि फाईल बंद होते. ताराबाईंनी उलटं केलं. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा पोरांच्या अंगणात न्यायची.

मग वस्तीत, कुणाच्या तरी दारासमोर, सारवलेल्या अंगणात बालवाडी भरू लागली. गावाच्या मध्यभागी ठरलेल्या वेळी भरते ती केंद्र बालवाडी, आणि वस्तीत मुलांच्या सवडीनं भरते ती अंगण बालवाडी. 'मुलांच्या सवडीनं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चार वर्षांच्या पोराला कसली आली सवड, असं वाटेल. पण तिथल्या पोरांना पाठीवर धाकटं भावंड घेऊन फिरायचं असायचं, शेळ्यांमागं जायचं असायचं. वेळापत्रक त्यांच्या दिवसाप्रमाणं बसवावं लागलं.

आणि कामाची सुरुवात अक्षरांपासून झाली नाही. आंघोळ, नखं, केस विंचरणं, नाक पुसणं. हे पण शिक्षणच.

गुलाबी मनोऱ्याचं काय केलं?

आता आपल्या रीलवाल्या आईचा प्रश्न. सामान.

माँटेसरीचं साहित्य बोर्डीच्या अंगणात परवडणारं नव्हतंच. पण ताराबाईंनी आधी साहित्य कशासाठी आहे ते बघितलं. दट्ट्यांनी मुलाला लहान-मोठं कळतं, बोटं तयार होतात. खरखरीत अक्षरांनी स्पर्श कळतो. मग हेच काम दुसरं कशानं होईल? समुद्रकिनाऱ्यावर शंख-शिंपले पडलेत. झाडाखाली बिया आहेत, पानं आहेत. माती आहे, खडे आहेत, बांबू आहे. लहान-मोठं लावा, रंगाप्रमाणं लावा, मोजा, डोळे मिटून ओळखा. तोच उद्देश, पण खर्च जवळपास शून्य, आणि वस्तू मुलाच्या ओळखीची.

ही काटकसर वाटते, पण माझ्या मते तो जास्त चांगला शिक्षणविचार होता. रंगवलेला लाकडी ठोकळा हा फक्त ठोकळा असतो. चिंचोका मात्र चिंचेचा असतो. त्याला झाड असतं, चव असते, झाडावर चढून पडलेल्या दादाची गोष्ट असते. मोजायला घेतलेल्या वस्तूला मागं-पुढं जग असलं की मूल प्रश्न विचारतं. आज आपण ज्याला थीम म्हणतो ती इथं तयार होते. बाहेरून विषय आणून चिकटवायचा नाही, हातात आलेल्या वस्तूच्या मागं मागं जायचं.

म्हणून ताराबाईंना 'भारताच्या माँटेसरी' म्हणतात ते मला पटत नाही. त्यांनी माँटेसरी आणली हे खरं, पण त्यांचं मोठं काम तिला अंगणात उतरवण्याचं आहे.

जालन्यात करायचं झालं तर

ताराबाई आपल्याकडं आल्याची नोंद नाही. बोर्डीत अंगण बालवाडी भरत होती तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. दोन्ही भाग एका राज्यात यायला १९५६ उजाडलं. पण त्यांची रीत इथं लावून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

समजा विषय घेतला मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि अंबड-घनसावंगीकडं ज्यांच्या बागा नाहीत त्यांच्या घरीही पिशवीभर मोसंबी येतेच. पैसे खर्च करायचे नाहीत, जास्तीची कुठलीही वस्तू आणायची नाही, एवढी अट.

पहिल्या दिवशी काहीच शिकवायचं नाही. चार-पाच मोसंब्या टोपल्यात ठेवायच्या आणि मुलाला हाताळू द्यायच्या. ते घरंगळवेल, फेकेल, वास घेईल, साल कुरतडेल. कुरतडू द्या, कडू लागलं की ते 'कडू' हा शब्द जन्मात विसरणार नाही.

मग लहान-मोठी लावणं. दोन हातांत दोन घेऊन जड कुठली ते सांगणं. इथं एक मजा होते. मोठी दिसणारी मोसंबी दर वेळी जड असतेच असं नाही, जाड सालीची हलकी निघते. चार वर्षांच्या पोराला हे कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघा. याला विज्ञान म्हणायचं, आणि यासाठी तराजू लागत नाही.

सोलून फोडी मोजणं. साधारण दहाच्या आसपास भरतात, म्हणजे एक ते दहा आकडे आपोआप आले. सगळ्यांना वाटून देणं, हा भागाकार, पण हा शब्द उच्चारायचा नाही. बिया वेगळ्या काढून वाटीत ठेवणं, एका वाटीतून दुसरीत घालणं, हे त्या रीलमधल्या डॉल्फिन उचलण्याचंच काम. रस काढून एका पेल्यातून दुसऱ्यात ओतणं. सांडेल. फडकं त्याच्याच हातात द्यायचं.

दोन बिया डब्यातल्या मातीत लावायच्या आणि रोज पाणी घालायचं. उगवायला वेळ लागतो, आणि थांबणं हे पण शिकायचंच आहे. आजी-आजोबा घरात असतील तर आंबे बहार आणि मृग बहार म्हणजे काय ते त्यांच्याकडून ऐकायचं. एक झाड वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलायला बघतं आणि शेतकरी पाणी तोडून त्यातला एकच बहार धरतो, ही गोष्ट कुठल्याही डायनासोरपेक्षा कमी नाही. शेवटी दुकान मांडायचं. मूल व्यापारी, बाबा गिऱ्हाईक. भाव करायचा. घासाघीस तर आपल्याकडच्या पोरांना शिकवावीच लागत नाही.

एवढ्यात आठवडा जातो. सात दिवसांचे सात खेळ आधीच कागदावर पक्के करू नका. मूल बियांवरच अडकलं तर तीन दिवस बियाच. ताराबाई आणि गिजुभाईंच्या पद्धतीतलं सगळ्यात अवघड काम हेच होतं, मोठ्या माणसानं गप्प बसणं. रीलमध्ये ते दिसत नाही, कारण तिथं आईला कॅमेऱ्यासाठी वेळेत खेळ संपवायचा असतो.

अशीच पोळ्याला मातीची बैलं होतात, आणि वेचणीच्या दिवसांत कापूस. कापसाच्या बोंडात सरकी, कापसातून वात, वातीतून दिवा. विषय दाराशी येऊन पडलेले असतात.

कोसबाडची टेकडी

बोर्डीत बारा-एक वर्षं काम केल्यावर १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडला हललं. कोसबाड म्हणजे जवळचीच टेकडी, आजूबाजूला वारल्यांचे पाडे. मधल्या काळात ताराबाई मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्यही होत्या. पण त्यांचं नाव घेतलं की आठवतं ते कोसबाड.

इथं अडचण आणखी वेगळी निघाली. पाड्यावरची मोठी पोरं शाळेत येत नाहीत कारण त्यांच्याकडं धाकटं भावंड असतं. धाकटं बालवाडीत येत नाही कारण तान्हं घरात आहे. एक सोडवायला जावं तर दुसरं अडतं. मग एकाच जागी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकत्र बांधली. मोठ्या ताईनं येताना बाळाला कडेवर घेऊन यायचं, बाळ पाळण्यात, मधला बालवाडीत, ताई वर्गात. याला नाव दिलं विकासवाडी.

तरी काही पोरं राहिलीच. गुरं राखणारी. त्यांचा दिवस कुरणात जायचा. तर मग शिक्षक कुरणात गेले. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली, आणि तिथंच गोष्ट, गाणं, मोजणी. ही कुरणशाळा.

बघा, प्रत्येक वेळी रीत एकच आहे. कोण बाहेर राहिलं ते बघायचं, का राहिलं ते विचारायचं, आणि शाळेचा आकार बदलायचा. अंगण, पाळणा, कुरण. घरी लेकरासाठी काही ठरवताना आपण पण हेच करतो, किंवा करायला पाहिजे. पोर बसत नाही म्हणून पोराला दोष देण्याआधी खेळ बदलून बघायचा.

१९६२ मध्ये सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढं नेलं, १९९२ मध्ये त्या जाईपर्यंत.

पुढं काय झालं

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. गावोगावच्या केंद्रांचं नाव ठरलं अंगणवाडी. योजना मोठी होती, हेतू चांगला होता. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आरोग्य आणि आहाराची माहिती, आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली.

सहा सेवा आणि सांभाळायला एक सेविका, एक मदतनीस. खिचडी शिजवायची, वजनं घ्यायची, मोबाईलवर माहिती भरायची, सर्व्हे करायचा, निवडणूक आली की त्याचंही काम. सेविकांना पगार नाही, मानधन असतं, आणि त्यासाठी जिल्हा परिषदेसमोर मोर्चे काढावे लागतात. या सगळ्यातून वेळ उरला तर गोष्ट-गाणं. बऱ्याच सेविका तेही जीव लावून करतात. पण ज्या कामातून या योजनेला नाव मिळालं, तेच काम यादीत मागं पडलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. ताराबाईंच्या कामाला तेव्हा ९७ वर्षं होत आली होती.

आणि दुसरीकडं, तालुक्याच्या गावातही आता गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी नावाची नर्सरी असते. भिंतीवर मिकी माऊस, तीन वर्षांच्या पोराला वही, पेन्सिल आणि गृहपाठ. त्यातल्या काहींच्या पाटीवर माँटेसरी असंही लिहिलेलं असतं.

जालना जिल्ह्यापुरतं एक सांगायचं राहिलं. दिवाळीच्या आगेमागे मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडच्या कित्येक वस्त्यांमधून ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्येच परततात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर लेकरं. गावातल्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये त्यांची नावं असतात. मूल त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडात, पाचटाच्या कोपीबाहेर, उसाच्या कांड्या लहान-मोठ्या लावत बसलेलं असतं.